पाच फूट पाच इंचांचा पोरगा कोपरा सांभाळू शकतो का?

सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी आटोपली की गावोगावी कबड्डीचे फलक लागतात आणि संघ निवडताना तोच वाद उभा राहतो. पोरगा चपळ आहे, हात लोखंडासारखा आहे, पण उंची पाच फूट पाच इंच आणि वजन साठ-बासष्ट किलो. कोपऱ्यावर, म्हणजे बचावाच्या साखळीच्या टोकाला, त्याचं नाव निघालं की कुणीतरी बोलतंच, "काहून ठेवता एवढुशा पोराले कोपऱ्यावर? एका झटक्यात घेऊन जाईन रेडर त्याले."

ही शंका खोटी नाही. ऐंशी किलोचा चढाईपटू बासष्ट किलोच्या पोराला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो, हे मैदानावर रोज दिसतं. तरीही लहान चणीचा बचावपटू वरच्या पातळीवर, अगदी व्यावसायिक कबड्डीतही खेळू शकतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र त्याला कोपरा मिळाला पाहिजे, पकड खोलात करायची सवय हवी आणि शेजारी भारी मध्यरक्षक, म्हणजे कव्हर, हवा. यातली एक गोष्ट जरी कमी पडली तरी शंका घेणाऱ्याचं म्हणणं खरं ठरतं.

आधी उंचीने नेमकं काय बिघडतं ते मोजू. माणसाच्या दोन्ही हातांचा पसारा साधारण त्याच्या उंचीइतका असतो. म्हणजे छातीच्या मध्यापासून बोटाच्या टोकापर्यंतचा पल्ला उंचीच्या निम्मा. पाच फूट पाच म्हणजे १६५ सेंटिमीटर, पाच फूट अकरा म्हणजे १८० सेंटिमीटर. दोघांच्या पल्ल्यात फरक पडतो साडेसात सेंटिमीटरचा, फार तर चार बोटं. पायाच्या पल्ल्याचंही जवळपास तेच. एक पाऊल पुढे टाकलं तर साठ-सत्तर सेंटिमीटर अंतर तुटतं. म्हणजे वेळेवर टाकलेलं अर्धं पाऊलही उंचीची कसर भरून काढतं, आणि उशिरा टाकलेलं पूर्ण पाऊल सहा फुटी गड्यालाही वाचवत नाही. पल्ल्याची भीती लोक उगाच धरून बसलेत.

वजनाचं तसं नाही. धडक द्यायची तर वजन गुणिले वेग असा सरळ हिशेब असतो. ८२ किलोचा मध्यरक्षक सेकंदाला पावणेचार मीटरच्या वेगाने येऊन जी धडक देतो, ती द्यायला ६२ किलोच्या पोराला पाच मीटरच्या वेगाने यावं लागतं. दोन-तीन पावलांच्या जागेत हा वेग गाठणं फार कठीण. शिवाय एवढ्या वेगात सुटलेला गडी चुकला तर सरळ लॉबीबाहेर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्याबाहेर, जातो. म्हणून लहान चणीच्या पोराला मध्यरक्षकाच्या जागी उभं करून त्याच्याकडून डॅशची, म्हणजे धडक देऊन चढाईपटूला बाहेर घालवण्याची, अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याला जाणूनबुजून अपयशी ठरवणं. कबड्डीच्या नियमांत एक आधार मात्र आहे. वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलोची मर्यादा असते. समोरचा कितीही दांडगा असला तरी त्याहून भारी असू शकत नाही. ६५ किलोच्या कोपरारक्षकाला जास्तीत जास्त वीस किलोंची तफावत झेलायची असते, आणि ती झेलायची जागा मैदानावर ठरलेली आहे.

सगळा खेळ खोलीचा

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. चढाईपटूला ओलांडावीच लागते ती निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा आणि तिच्यामागे अंतिम रेषेपर्यंत उरतात पावणेदोन मीटर. बोनस रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर येते, हा आकडा लक्षात ठेवा.

आता चढाईपटूचा घोटा धरला आणि तो मध्यरेषेकडे आडवा झाला असं समजा. हात डोक्यावर ताणून उभा राहिलेला माणूस टाचेपासून बोटापर्यंत आपल्या उंचीपेक्षा पाव ते एकतृतीयांश जास्त पोहोचतो. १८० सेंटिमीटर उंचीचा चढाईपटू नुसता पडला तरी २.३ ते २.४ मीटर अंतर खातो. त्याला वेगळी ताकद लावावी लागत नाही, पडणं पुरेसं असतं.

पकड बोनस रेषेवर झाली असेल तर पडूनही त्याला जवळपास अडीच मीटर कमी पडतात. म्हणजे घोट्याला लटकलेल्या पोराला ओढत त्याला तीन पावलं टाकावी लागतील आणि मग उडी घ्यावी लागेल. तीन पावलांत मध्यरक्षक पोहोचतोच. तीच पकड निदान रेषेवर झाली तर उरतं अंतर सव्वा-दीड मीटर, म्हणजे दोन पावलं. आणि मध्यरेषेपासून तीन मीटरवर झाली तर उरतात जेमतेम साठ-सत्तर सेंटिमीटर. एका झटक्यात रेषेला बोट लागतं, आणि जेवढ्यांनी त्याला हात लावला तेवढे सगळे बाद.

भारी गडी तीन मीटरवरही चढाईपटूला जागच्या जागी थांबवू शकतो, कारण त्याला ओढून नेणं जड जातं. हलक्या गड्याला ती चैन नाही. गावात ज्याला 'अॅडव्हान्स' जाणं म्हणतात, म्हणजे चढाईपटू खोल येण्याआधीच पुढे झेपावणं, ते लहान चणीच्या कोपरारक्षकाचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. ताकद कमी पडली असं सगळे म्हणतात. खरं तर बहुतेक वेळा जागा चुकलेली असते.

म्हणून त्याने वाट बघायला शिकलं पाहिजे. रिकाम्या चढाया जाऊ द्याव्यात. दोन चढाया गुणाविना गेल्या की तिसरी निर्णायक असते, तेव्हा चढाईपटूला गुण घेण्यासाठी आत यावंच लागतं, नाही तर तो बाद. पहिल्या दोन चढायांत घाई करून गुण घालवणारा आणि तिसरीला अंतिम रेषेजवळ टपून बसणारा, यांत महिनाभरात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

घोटा कसा धरायचा

लहान चणीच्या पोरासाठी घोटा पकड हे पहिलं आणि मुख्य शस्त्र. कारण साधं आहे, त्याला घोट्यापर्यंत पोहोचायला कमी वाकावं लागतं. उंच गड्याचा गुरुत्वमध्य वर असतो, खाली यायला त्याला वेळ लागतो आणि खाली आल्यावर परत उठायलाही लागतो.

उभं राहताना मागचा पाय अंतिम रेषेपासून वीतभर-दीड वीत पुढे असावा. पाय खांद्याइतके फाकवलेले, वजन पायाच्या पुढच्या चवड्यावर, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. कमरेतून वाकू नये. कमरेतून वाकलं की नजर खाली जाते, डोकं पुढे येतं आणि चढाईपटूचा गुडघा सरळ कपाळावर बसतो. शिवाय पाठीवरून उडी मारायला त्याला मोकळी जागा मिळते. बैठकीत असल्यासारखं खाली राहा, पण छाती समोर दिसली पाहिजे.

नजर हातावर ठेवू नका, हात फसवतात. कमरेकडे आणि पुढच्या गुडघ्याकडे पाहा. कंबर जिकडे वळते तिकडेच तो जाणार असतो.

झडप घालायची वेळ कोणती? ज्या पायावर सगळं वजन आलं आहे तो पाय तत्काळ मागे घेता येत नाही, हे सूत्र. असा क्षण खेळाच्या नियमानेच तयार करून दिला आहे. बोनस घेताना चढाईपटूचा पुढचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकलेला आणि मागचा पाय हवेत असावा लागतो. त्या क्षणी ऐंशी किलोंचा अख्खा माणूस एका पायावर, तुमच्यापासून हातभर अंतरावर आणि मध्यरेषेपासून पावणेपाच मीटर दूर उभा असतो. लहान कोपरारक्षकासाठी यापेक्षा चांगली संधी नाही. बोनस फक्त सहा किंवा सात बचावपटू असताना मिळतो, म्हणून संघ पूर्ण असताना ही वेळ हेरायची. दुसरा क्षण म्हणजे तो परतायला वळतो तो. वळताना मागे राहिलेला पाय थोडा वेळ जमिनीला खिळतो आणि त्याची पाठ तुमच्याकडे असते. पायाने स्पर्श करायला त्याने पाय लांबवला असेल तर मात्र तो पाय रिकामा असतो, वजन मागच्यावर असतं. तो पाय धरला तर झटकून सुटतो, हे नवख्या पोरांच्या लवकर लक्षात येत नाही.

हात घालताना जवळचा हात आधी टाचेच्या वरच्या शिरेमागे जातो आणि दुसरा हात समोरून येऊन कुलूप लावतो. अंगठा बोटांना चिकटलेला ठेवा. मोकळा अंगठा पायाच्या झटक्याने मागे मोडतो आणि अख्खा हंगाम जातो. पोटरी धरू नका, पोटरी जाड असते, घामाने सटकते. घोटा बारीक असतो, टाच खाली असल्यामुळे हात निसटत नाही. डोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला, मोकळ्या पायापासून लांब. खांदा त्याच्या नडगीला टेकलेला.

मग ओढायचं. मातीवर पाय घसरतो, त्यामुळे सरळ आपल्या पोटाकडे ओढलं तरी चढाईपटू पडतो. मॅटवर तसं होत नाही. रबरी तळाचा बूट मॅटला धरून बसतो आणि बासष्ट किलोचा पोरगा कितीही ओढो, पाय हलत नाही. तिथे आधी टाच वर उचलायची, तळ सुटला की मग मागे खेचायचं. उचलणं आणि खेचणं यात पाव सेकंदाचा फरक असतो, पण तो उलटा झाला तर पकड गेली. मातीवर नाव काढलेली कितीतरी पोरं मॅटवरच्या चाचणीत इथेच अडकतात.

गुडघे टेकू नका. गुडघे टेकले की तुम्ही त्याच्या पायाला बांधलेलं ओझं होता, आणि ओझं ओढता येतं. पाय जमिनीवर रोवलेले असतील तर तुम्ही खुंटा असता.

जोडीदार

घोटा धरणाऱ्याने चढाईपटूला बाद करायचं नसतं. त्याने एक सेकंद थांबवायचं असतं. बाकीचं काम मध्यरक्षकाचं. हे एकदा प्रशिक्षकाच्या आणि पोराच्याही डोक्यात बसलं की अर्धी भीती जाते.

कोपऱ्यात लहान गडी असेल तर त्याच बाजूचा मध्यरक्षक संघातला सगळ्यात भारी असावा, सत्तरच्या वर, जमलं तर पंचाहत्तर-ऐंशी किलोचा. त्याने यायचं ते चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्या मधे. गावच्या सामन्यांत हटकून दिसणारी चूक अशी की मध्यरक्षक मागून येऊन चढाईपटूच्या पाठीवर उडी घेतो. दिसायला ते शूर दिसतं. पण त्याचं सगळं वजन चढाईपटूला पुढे ढकलतं, कोपऱ्यातल्या पोराच्या हातातून घोटा सुटतो आणि रेषेला हात लागतो. मग शिव्या खातो कोपरावालाच. मध्यरक्षकाने समोरून छाती अडवावी किंवा बाजूने मांडीला धरून लॉबीकडे वळवावं. पाठीवर जायचं नाही.

साखळीतून सुटण्याचाही प्रश्न असतो. कोपरारक्षकाने शेजारच्या गड्याचा हात धरलेला असतो. हात सोडायला उशीर झाला की झडप निम्मी पडते, आणि लवकर सोडला तर चढाईपटूला सुगावा लागतो. यासाठी जोडीने सराव करावा लागतो, रोज, त्याच जोडीने. दर सामन्याला जोड्या बदलणाऱ्या संघात चांगला कोपरारक्षक तयार होणं अवघड आहे.

तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेली पकड दोन गुण देते, तिला अव्वल पकड म्हणतात. अशा वेळी दोन कोपरे आणि एक भारी मध्यरक्षक उरले असतील तर लहान चणीचा गडी संघाला तारतो. चढाईपटूला मोकळं मैदान दिसतं, तो बिनधास्त खोल येतो. तेच तर हवं असतं.

व्यावसायिक पातळीवर काय दिसतं

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. तिथे बचावाचे मोठे विक्रम बऱ्याच अंशी कोपऱ्यातल्या गड्यांच्या नावावर आहेत. इराणचा फजल अत्राचली डावा कोपरा सांभाळत पाचशे पकडी-गुणांपर्यंत पहिला पोहोचला. नितेश कुमारने सहाव्या हंगामात उजव्या कोपऱ्यातून एकाच हंगामात शंभर गुणांचा टप्पा गाठला. रविंदर पहलची ओळख तर घोटा पकडीनेच झाली. आपल्या महाराष्ट्राचा गिरीश एरनाकही डाव्या कोपऱ्याचाच गडी. हे सगळे बुटके आहेत असं अजिबात नाही. सांगायचं ते एवढंच की लहान चणीच्या पोराला जी जागा शोभते, ती संघातली दुय्यम जागा नाही. व्यावसायिक संघ तिथे मोठा पैसा ओततात.

उंचीचा प्रश्न उघडपणे, वर्षानुवर्षे ज्या खेळात चघळला गेला तो आहे बर्फावरची हॉकी. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये प्रत्येक खेळाडूची उंची आणि वजन छापलं जातं, म्हणून तिथे अंदाजावर बोलावं लागत नाही. बचावपटू म्हणजे सहा फुटांच्या वरचा, धिप्पाड, समोरच्याला फळीवर आपटणारा, अशी तिथे जुनी धारणा होती. झ्देनो चारा नावाचा बचावपटू तर सहा फूट नऊ इंचांचा होता आणि २००९ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने जिंकला. जॅरेड स्पर्जन पाच फूट नऊ इंचांचा. २००८ मध्ये त्याला १५६ व्या क्रमांकावर निवडलं गेलं, पण निवडणाऱ्या संघाने त्याच्याशी करारच केला नाही. मग मिनेसोटाच्या संघाने चाचणीत पाहून घेतलं आणि २०२१ मध्ये तोच त्या संघाचा कर्णधार झाला. तेवढ्याच उंचीच्या टोरी क्रुगला तर निवड प्रक्रियेत कुणीच घेतलं नव्हतं, तरी तो वर्षानुवर्षे खेळला. पाच फूट दहाचा क्विन ह्यूज २०२४ मध्ये नॉरिस करंडक घेऊन गेला. पाच फूट नऊचा लेन हटसन २०२२ मध्ये ६२ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२५ मध्ये वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

हे एकाएकी घडलं नाही. २००४-०५ चा अख्खा हंगाम खेळाडू आणि मालकांच्या वादात बुडाला. त्यानंतर खेळ सुरू झाला तेव्हा काठीने अडकवणं, धरून ठेवणं, वाट अडवणं यांवर पंच कडक झाले आणि लांब पासवरचं बंधन उठलं. समोरच्याला धरून थांबवण्याची ताकद कमी कामाची झाली. वेगाने मागे सरकणं, योग्य अंतर राखणं आणि चकती मिळताच पहिला पास अचूक देणं, याला भाव आला. पोरं तीच होती, उंची तीच होती. नियम बदलले आणि त्यांची किंमत बदलली. तिथल्या लहान बचावपटूच्या हातात काठी असते, ती त्याचा पल्ला वाढवते. कबड्डीत ती सोय नाही, म्हणून हा दाखला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण निवड करणारे उंची बघून माणूस सोडतात आणि मग पस्तावतात, हे मात्र दोन्हीकडे सारखं.

कबड्डीतही नियम लहान गड्याच्या बाजूने झुकलेत. तीस सेकंदांची चढाई, तिसऱ्या चढाईला गुणाची सक्ती, अव्वल पकडीचा जादा गुण, ८५ किलोची मर्यादा. यातला प्रत्येक नियम चढाईपटूला आत ओढतो किंवा त्याचं वजन बांधतो.

आपल्याकडे नेमकं कुठे अडतं

विदर्भाला कबड्डी नवी नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो, म्हणजे काटोल, दर्यापूर, पुसद, ब्रह्मपुरीकडच्या पोराला राष्ट्रीय मैदानाचं दार तुलनेने जवळ आहे. तरीही लहान चणीचे चांगले बचावपटू पुढे का सरकत नाहीत?

आमच्या मते मोठं कारण वजनी गटांच्या सामन्यांत आहे. पंचावन्न किलो, साठ किलो अशा गटांत खेळणाऱ्या पोरासमोर चढाईपटूही तेवढ्याच वजनाचा असतो. तिथे तीन मीटरवर झेपावलं तरी पकड बसते, लोक टाळ्या वाजवतात, बक्षीस मिळतं. चार-पाच हंगाम हीच सवय हाडीमाशी खिळते. मग हा पोरगा खुल्या गटात किंवा जिल्ह्याच्या निवड चाचणीत जातो, समोर अठ्ठ्याहत्तर किलोचा गडी येतो आणि तीच झडप त्याला मध्यरेषेपर्यंत फरफटत नेते. सगळे म्हणतात, बुटका आहे, नाही जमणार. त्याला कुणी सांगत नाही की दीड मीटर मागे थांबला असतास तर तोच गडी तुझा होता.

वजनी गट बंद करा असं म्हणणं नाही. त्यामुळेच लहान पोरांना मैदान मिळतं. पण प्रशिक्षकाने सरावात आठवड्यातून दोन दिवस तरी गावातला सगळ्यात भारी गडी चढाईला पाठवावा, आणि निदान रेषेच्या पुढे, मध्यरेषेच्या बाजूला केलेली पकड यशस्वी झाली तरी ती मोजू नये. चुन्याने निदान रेषा ठळक आखा. पोर आपोआप मागे राहायला शिकतं.

दुसरं, वजनाला बसवण्यासाठी पोरांना उपाशी ठेवू नका. अठ्ठावन्न किलोचा पोरगा पंचावन्नच्या गटात घालायचा म्हणून दोन दिवस पाणी तोडलं जातं, उन्हात पळवलं जातं. पाणी तुटलं की पकडीचा जोर जातो, पेटके येतात, चक्कर येते. वाढत्या वयाच्या पोराचं त्यात कायमचं नुकसान होऊ शकतं. ज्याला पुढे खुल्या गटात खेळायचं आहे त्याचं वजन वाढायला हवं, कमी व्हायला नको.

वाढवायचं कसं, तर घरातल्याच अन्नाने. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६५ किलोच्या पोराला ही गरज १०४ ग्रॅमची. पन्नास ग्रॅम सोयाबीन वडीत साधारण २६ ग्रॅम, शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत २२, चार अंड्यांत २४, अर्धा लिटर दुधात १६, पन्नास ग्रॅम फुटाण्यांत १० आणि तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत ३० च्या आसपास. बेरीज गरजेच्या वर जाते. बाजारातल्या डब्याची गरज नाही. पण दिवसभर वेचणीला किंवा फवारणीला जाऊन संध्याकाळी सराव करणाऱ्या पोराला रात्री एकदाच पोटभर खाऊन चालत नाही, सकाळची न्याहारी आणि सरावानंतरचं खाणं हवंच. वर्षाला दोन-तीन किलो, तेही मांड्या, पाठ आणि हात भरत वाढलं तर वेग टिकतो.

व्यायामात दोरखंडावर चढणं, ओल्या मातीचं वीस-पंचवीस किलोंचं पोतं छातीशी कवटाळून बैठका, जाड टॉवेल धरून ओढाओढ, हे पकडीसाठी. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी गुडघ्यावर बसून जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं, पाच वेळा, तीन फेऱ्या. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दुखापती यामुळे कमी होतात. मान बळकट करणं सगळे विसरतात, आणि घोटा पकडणाऱ्याला मार डोक्यालाच जास्त लागतो. डोक्याला फटका बसून डोळ्यांसमोर अंधारी आली तर त्या दिवशी खेळ बंद, कितीही महत्त्वाचा सामना असो.

मैदानाचंही पाहा. काळ्या मातीच्या जमिनीला हिवाळ्यात भेगा पडतात, घोटा मुरगळतो. वर मुरूम आणि चाळलेल्या लाल मातीचा थर टाकून, पाणी मारून रोलर फिरवलेला बरा. मॅट गावात नसेल तर तालुक्याला किंवा महाविद्यालयात महिन्यातून दोन-तीनदा तरी पोरांना घेऊन जा, बूट घालून. नाही तर टाच उचलण्याची सवय लागणार नाही.

मुलींच्या संघांना हे सगळं लागू आहे, पण अंतरं बदलतात. त्यांचं मैदान १२ बाय ८ मीटर, निदान रेषा तीन मीटरवर आणि बोनस रेषा चार मीटरवर. १७० सेंटिमीटर उंचीची चढाईपटू आडवी झाली की सव्वादोन मीटर जाते, म्हणजे बोनस रेषेवर धरली तरी पावणेदोन मीटरच उरतात. कोपऱ्यातल्या मुलीला एक पाऊल कमी मिळतं, म्हणून तिच्या मध्यरक्षक जोडीदारणीने आणखी लवकर निघायला हवं. वरिष्ठ महिलांत वजनाची मर्यादा ७५ किलो.

चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला "तू कोपऱ्याचाच" असं ठरवून टाकू नका. मुलांची उंची सतरा-अठरापर्यंत वाढते. तोवर सगळ्या जागा खेळू द्या, चढाईही करू द्या. ज्याने स्वतः बोनस घेतला आहे त्याला दुसऱ्याचा पाय हवेत कधी जातो ते नेमकं कळतं.

निवड चाचणीला जाताना आपली बाजू ठरवून जा, उजवा कोपरा की डावा, आणि नाव सांगताना तेच सांगा. चाचणीत जोड्या ऐनवेळी लावल्या जातात, तेव्हा शक्य असेल तर आपल्याच तालुक्यातला भारी मध्यरक्षक शेजारी मागून घ्या. पहिल्या पाच-सहा चढायांत झडप घालायची घाई करू नका. निवडणारे चुकलेल्या पकडी मोजतात, थांबलेल्या नाही. एखादा भारी चढाईपटू बोनसला पाय टाकेल, त्या वेळी मागच्या पायाकडे बघा. तो उचलला गेला की निघा.